होडीतली दुसरी जागा

न्यूनेन, ७ मार्च २०२१

ओमकार,

पत्र बघून चकित होशील. आजकाल पत्रं फक्त इथल्या डच नगरपालिकेची येतात, आणि तीही कर भरा म्हणून सांगायला. पण तुझा फोन लागत नाही, मेसेजवर एकच टिक येऊन थांबते, आणि सारखा योगिनीला फोन करून ‘तुझा नवरा कुठाय’ विचारणं मला बरं वाटत नाही. झूटरमेरला पोस्टमन तरी पोचेल, म्हणून लिहिते आहे.

काम साधं आहे. तुझं सामान आमच्या शेडमध्ये पडलंय. दोन रॉड, मासा उचलायचं ते मोठं जाळं आणि पावसात घालायचं जॅकेट. जॅकेट मी धुऊन ठेवलंय. ये आणि घेऊन जा, शेडमध्ये पाय ठेवायला जागा नाही.

दुसरं म्हणजे क्लबच्या विमचा फोन आला होता. मास नदीवरची बार्स मासे धरायची स्पर्धा यंदा सप्टेंबरात घ्यायचं चाललंय, कोरोनाने परवानगी दिली तर. विनायक आणि ओमकार ही जोडी ठेवायची की काढायची, असं तो विचारत होता. बिचारा इतका अडखळत होता की मलाच त्याला धीर द्यावा लागला. मी म्हटलं, ओमकारला विचार. तो म्हणाला, ओमकार फोन उचलत नाही. म्हटलं, वा, म्हणजे माझ्यावर खास राग नाही तर.

आम्ही दोघी ठीक आहोत. जुईची शाळा आठवड्यातून एकच दिवस सुरू झाली आहे, बाकीचे दिवस ती खोलीत स्क्रीनसमोर असते. मी मराठीत रडते आणि ती डचमध्ये समजूत घालते, असा आमचा संसार चाललाय. गुरुवारचा बाजार बंद झालेला नाही, त्यामुळे मासेवाल्याच्या गाडीवर माझं काम चालू आहे. मास्क लावून मासे साफ करायचे म्हणजे वास येत नाही. कोळणीच्या पोरीला हे दिवस बघायचे होते.

विनायकला जाऊन दीड महिना होऊन गेला. त्या दिवशी तू आला नाहीस याचं मला काही वाटलं नाही. तू आणि योगिनी दोघंही तापाने पडला होता आणि घराबाहेर यायची बंदी होती, हे मी विचारणाऱ्या प्रत्येकाला सांगितलं. पण तुझी बंदी उठल्यालाही आता महिना झाला. नकाशात बघितलं तर झूटरमेर अजून तिथेच आहे.

सामान घेऊन जा.

सुनेत्रा


न्यूनेन, १८ एप्रिल २०२१

ओमकार,

काल बेल वाजली. दार उघडलं तर एक कुरिअरवाला. म्हणे, झूटरमेरच्या ओमकारचं सामान न्यायला आलोय. मी त्याला दारातच कॉफी दिली, हवापाण्याचं विचारलं आणि रिकाम्या हाताने परत पाठवलं. त्याचा बिचाऱ्याचा काही दोष नव्हता.

कुरिअर, ओमकार? सहा वर्षं दर रविवारी पहाटे या घरात तू चहा प्यायलास. माझ्या हातचे पोहे खाल्लेस, कोथिंबीर कमी आहे म्हणून नावंही ठेवलीस. नवरा माझा आणि रविवार तुझा, अशी वाटणी होती आपली. आणि आता तुझं जॅकेट न्यायला तू भाड्याचा माणूस पाठवतोस.

तू नागपूरचा, तुला कदाचित माहीत नसेल, म्हणून सांगते. आमच्या वरसोलीच्या कोळीवाड्यात होडीवरचा माणूस गेला की त्याचे जोडीदार पुढच्या खेपेहून आल्यावर स्वतःच्या घरी जायच्या आधी त्याच्या दारात येतात. त्याचा वाटा घेऊन. माणूस होडीत नसला तरी त्या दिवशी त्याचा वाटा निघतो. कोणी काही बोलत नाही. घरातली बाई टोपली घेते, आत जाते आणि कितीतरी दिवसांनी चुलीवर कालवण चढतं. माझे काका गेले तेव्हा मी नऊ वर्षांची होते. काकू तोवर रडलीच नव्हती. टोपली हातात घेतली आणि उंबऱ्यातच बसली.

मी वेडी तशी वाट बघत बसले होते. तुम्ही दोघं वाटा म्हणावं असं कधी काही घरी आणलंच नाही, हे मला माहीत नाही का? मासा धरायचा, फळीवर ठेवून लांबी मोजायची, फोटो काढायचा आणि पाण्यात सोडून द्यायचा. विनायक तर पुण्याचा, घरात चातुर्मासात कांदासुद्धा न चिरणाऱ्यांतला. लग्नानंतर माझ्या बापाने जावयासाठी हौसेने मोठा जिताडा आणला आणि जावई वरणभात जेवून उठला. असा माणूस इथे येऊन मासे धरायला लागला. मी हसून हसून बेजार झाले होते. तो म्हणायचा, “माशाचं आणि माझं काही भांडण नाही सुनेत्रा, नुसती ओळख करून घ्यायची असते.” तर असल्या ओळखीपाळखीतून कसला वाटा निघणार? कळत होतं. तरी बेल वाजली की वाटायचं, ओमकार आला. दार उघडावं तर आल्बर्ट हाइनचा किराणा.

योगिनीने फोनवर सगळं सांगितलं. तू कामावर आजारपणाची रजा टाकून बसलास, जेवणावर वासना नाही, भारतात परत जायचं म्हणतोस आणि ‘विनायकला मी मारलं’ हे वाक्य धरून बसलास. ती रडत होती. मी तिला म्हटलं, असं काही नसतं गं, कुणाचं कुणाला लागलं हे कोण सांगणार, बाजारातूनही लागलं असेल. चांगलं बोलले मी. फोन ठेवला आणि भांडी अशी आपटली की जुई वरून धावत आली.

ते मी योगिनीसाठी बोलले होते. तुझ्यासाठी काय बोलायचं ते मला अजून सापडलेलं नाही. तू समोर येऊन उभा राहिलास तर कदाचित सापडेल. राहिला नाहीस तर हे असंच राहणार, तुझ्या घरात तुझ्याकडे आणि माझ्या घरात माझ्याकडे, आणि म्हातारे झालो तरी संपणार नाही. मला याची फार भीती वाटते.

सुनेत्रा


न्यूनेन, ३० मे २०२१

ओमकार,

शुक्रवारी जुई खिडकीतून ओरडली, “मम्मा, ओमकार स्टाट बाउतन!” ओमकार बाहेर उभा आहे. मी हात पुसून येईपर्यंत तू गाडीत बसला होतास. दाराच्या कडीला पिशवी लटकत होती.

पिशवीत बर्फ आणि बर्फात समुद्राचा बार्स. चांगला ताजा होता, कल्ले लाल, डोळा वर आलेला. स्खेव्हेनिंगनच्या धक्क्यावरून घेतलास ना? मला माशाचा गाव ओळखता येतो. विकतचा वाटा कोळीवाड्यात चालला नसता, आमच्या बायकांनी तुझी चेष्टा केली असती. मी नाही केली. मी ती पिशवी घेऊन आत आले आणि स्वयंपाकघराच्या फरशीवर बसले. काकू का बसली होती ते मला इतक्या वर्षांनी कळलं.

मग उठले आणि कालवण केलं. जुई एरवी माशाचा काटा बघून नाक मुरडते, त्या दिवशी तिने दोनदा भात घेतला. तिला विचारलं, कसं झालंय? म्हणाली, “लेकर.” म्हणजे छान. तिच्या बापाच्या फोटोसमोर मी मासा ठेवला नाही, तेवढी जाण आहे मला. त्याला दहीभात ठेवला.

पण एक सांग, बेल वाजवली असतीस तर काय बिघडलं असतं? दीड मीटर लांब उभा राहिला असतास. सरकारने अंतर ठेवायला सांगितलंय, पळून जायला नाही.

आता ऐक. कालपासून बार्सचा हंगाम उघडला. मी विमला फोन करून सांगितलं की जोडी काढू नकोस, फक्त विनायकच्या जागी सुनेत्रा लिही. त्याने माझं नाव दोनदा विचारून घेतलं. मग म्हणाला, तुला येतं का? म्हटलं, माझ्या बापाच्या चार पिढ्या मासेमारीवर जगल्या. हे अर्धसत्य आहे ते तुला कळेलच. जाळी ओढणारे ते पुरुष, आणि टोपली घेऊन बाजारात बसणाऱ्या आम्ही बायका. होडीवर मला कुणी कधी घेतलं नाही. लहानपणी धक्क्यावर बसून दोरीला गरी बांधून आमिषाला चिंगळं, ती बारीक कोळंबी, लावायची, तेवढीच माझी शिकवणी.

तरी गेले तीन रविवार मी विनायकचा रॉड घेऊन कालव्यावर जाते आहे, रिकाम्या गळाने नुसता फेकण्याचा सराव. पहिल्या दिवशी गळ एका बाईच्या सायकलच्या टोपलीत अडकला. दुसऱ्या दिवशी झाडात. काल हंगाम उघडला म्हणून रबरी मासोळी लावली आणि एक तळहाताएवढा बार्स लागला. हिरवा, अंगावर काळे पट्टे, पंख कुंकवासारखे लाल. त्याला मी सोडून दिला. इतका सुंदर जीव हातात आल्यावर परत द्यायचा, हे या माणसाला दर रविवारी कसं जमत होतं ते मला कळेना. त्याच्याबद्दल मला काहीतरी नवीन कळत होतं आणि ते सांगायला तोच नव्हता. तेव्हा तुझी आठवण झाली. खरं सांगते, रागाशिवाय पहिल्यांदाच झाली.

जोडीला दोन माणसं लागतात. दुसरी जागा तुझी आहे.

सुनेत्रा


न्यूनेन, २२ ऑगस्ट २०२१

प्रिय ओमकार,

तुझं कार्ड मिळालं. दोनच ओळी. ‘वहिनी, येतो. फक्त त्या विषयावर बोलू नका.’ बरं, नाही बोलणार. माझी जीभ माझ्या ताब्यात असते असं विनायकने कधी म्हटलं नाही, पण प्रयत्न करीन.

आपल्या दोघांच्याही लशी झाल्या आहेत, तरी आदल्या संध्याकाळी घरच्या घरी टेस्ट करू. मीही करीन. होडी उघडी असली तरी करू. यावर वाद नको.

विमने सगळ्यांना एक काम दिलंय. गेल्या वर्षी स्पर्धा झाली नाही, कुणी कुणाला भेटलेलं नाही, म्हणून प्रत्येकाने चार ओळींत लिहून पाठवायचं की आपण पहिल्यांदा मासा कुठे आणि कुणामुळे धरला. तो ते क्लबच्या पानावर टाकतो आहे. मी रोज वाचते. गंमत आहे. कुणी पोस्टमन, कुणी दंतवैद्य, एक तर चर्चमध्ये ऑर्गन वाजवतो. आणि सगळ्यांची गोष्ट एकच. आजोबा, कालवा आणि पावाचा गोळा. विमच्या आजोबांनी युद्धानंतर भुकेपोटी मासे धरले, बापाने हौसेने धरले आणि विम धरून सोडून देतो. मला वाटलं, आमच्या घरातही हेच झालं, फक्त त्या दोन पायऱ्या मी एका उडीत चढले.

माझं मी लिहून पाठवलं. धक्का, दोरी, चिंगळं. विनायकचंही पाठवलं. विमला विचारलं, गेलेल्या माणसाचं चालेल का? तो म्हणाला, त्याचं सगळ्यात वर टाकू. तुला ठाऊकच असेल, शाळेत असताना तो पर्वतीच्या पायथ्याशी कालव्यावर टाचणी वाकवून, तिला कणकेची गोळी लावून बसायचा. एक दिवस खरोखर मासा लागला. तो इतका घाबरला की मासा दप्तरात टाकून घरी गेला. आईला दप्तर उघडल्यावर वास आला आणि सोवळंओवळं सांभाळणाऱ्या त्या घरात जो गोंधळ झाला तो पुढे वर्षभर पुरला. त्याला मार बसला तो मासे मारल्याबद्दल. म्हणून मोठेपणी सगळे सोडून देत असेल का? हे मी कधी विचारलंच नाही त्याला.

तुझं मात्र मला लिहिता आलं नाही. नागपूरला संत्री होती, पाणी कुठून असणार. तू एकतिसाव्या वर्षापर्यंत गळ हातात धरला नव्हतास आणि आइंडहोवेनच्या ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत विनायकने तुला ओढून नेलं, एवढं मला माहीत आहे. पुढचं तू लिही. काय वाटलं तेव्हा ते लिही. त्याने तुला काय शिकवलं तेही लिही. मी तिथे नव्हते, ओमकार. इतकी वर्षं तुम्ही होडीत काय बोलत होता ते मला माहीत नाही. घरी आला की म्हणायचा, “काही नाही, पाणी बघत बसलो.” आता त्या पाणी बघण्यातलं मला सगळं हवं आहे.

योगिनी म्हणाली की तू परवा पोटभर जेवलास. तिने मला ही बातमी परीक्षेच्या निकालासारखी दिली. मला आनंद झाला. आणि लगेच मनात आलं, हा जेवतो आहे आणि माझा माणूस नाही. असंही येतं मनात, लिहून टाकते.

बारा तारखेला पहाटे ये. पोह्यांत कोथिंबीर भरपूर घालते.

सुनेत्रा


न्यूनेन, १३ सप्टेंबर २०२१

प्रिय ओमकार,

काल तू होडी अंगणात लावून निघालास तेव्हा मी नुसता हात हलवला. तू विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर दिलं नाही. ते आज देते. पण आधी झालं ते सगळं मला एकदा ओळीने लिहू दे, तुला माहीत असलं तरी, कारण माझ्या डोक्यात त्याचा गुंता झाला आहे आणि उत्तर त्या गुंत्यातच आहे.

सकाळ छान गेली. नदीवर धुकं होतं, काठावरच्या गाईंच्या नुसत्या पाठी दिसत होत्या. तू मागे मोटारीपाशी आणि मी पुढे विनायकच्या खुर्चीवर. आपण फक्त पाण्याबद्दल बोललो. इथे खड्डा आहे, इथे दगड आहेत, विनायक इथे नेहमी थांबायचा. तू त्याचं नाव सहज घेतलंस आणि मी रॉडकडे बघत राहिले, म्हणजे तू थांबू नयेस. दोन मासे लागले, दोन्ही बऱ्यापैकी. विमची होडी जवळून गेली, त्याने टोपी काढली. मला वाटलं, हा दिवस असाच पार पडला तर बस झालं.

मग तूच बोललास. पाण्याकडे बघत, मान वर न करता.

“वहिनी, माझ्याकडूनच ना?”

मी पुन्हा गळ फेकला.

“जानेवारीत त्या रविवारी माझं नाक गळत होतं. मी त्याला फोनवर सांगितलं होतं. तो म्हणाला, ये रे, उघड्यावर काय होतंय. पण मी टेस्ट करूनच यायला पाहिजे होतं. दिवसभर एका होडीत होतो आम्ही. एकाच थर्मासचा चहा प्यायलो. तुम्ही बाजारातून लागलं असेल म्हणता, योगिनीपण म्हणते. मला तुमच्या तोंडून खरं ऐकायचंय. माझ्याकडूनच लागलं ना त्याला?”

मी तोंड उघडलं होतं. काय बोलणार होते ते आजही सांगता येणार नाही. तेवढ्यात रॉड वाकला आणि हातातून जवळजवळ गेलाच.

पुढचं तू पाहिलंस. तू लगेच उठलास, “सावकाश वहिनी, सैल सोडा, येऊ द्या त्याला त्याच्या मर्जीने,” म्हणालास. आवाज तुझा आणि शब्द विनायकचे, हे मला ऐकताना कळलं. त्याने जुईला सायकल शिकवतानासुद्धा हेच म्हटलं होतं. मासा दोनदा खाली गेला, होडीखालून फिरला, मग वर आला आणि तू जाळं घातलंस. एवढा बार्स आपण दोघांनीही कधी पाहिला नव्हता. पाठीला कुबड आलेला, म्हातारा, पन्नास सेंटिमीटरला टेकलेला. आपण पहिले येणार हे तुलाही कळलं आणि मलाही. तू हसलास. जानेवारीनंतर मी तुला पहिल्यांदा हसताना पाहिलं. मासा माझ्या हातात देऊन तू मोजायची फळी घ्यायला मागे वळलास.

आणि मी त्याचं डोकं होडीच्या काठावर आपटलं. एकदाच. तो थरथरला आणि थांबला.

ओमकार, मी विचार करून केलं नाही. मी तेव्हा तुझ्या प्रश्नाचाच विचार करत होते. हात आपोआप गेला. बाबा म्हणायचे, “सुनेत्रे, माशाला तडफडत ठेवू नये गो, जीव काढायचा तर झटक्यात काढावा.” धक्क्यावर लागलेला एकेक मासा मी असाच दगडावर आपटला आहे. आमच्याकडे ती दया आहे. कालव्यावरच्या लहान माशांना हात असा गेला नाही. हा खरा मासा होता, घरी न्यायचा मासा, आणि हाताने त्याला ओळखलं. तू फळी घेऊन वळलास तेव्हा माझ्या हातात तो लोंबत होता आणि त्याचे लाल पंख माझ्या बोटांवर पसरले होते.

आपण एकमेकांकडे बघितलं. तुझं हसू अजून पुरतं गेलंही नव्हतं.

मग विम आला. मेलेला मासा मोजत नाहीत आणि मारलेला असेल तर जोडी बाद, हा नियम त्याने आपल्याला इतक्या हळू आवाजात सांगितला की जणू दवाखान्यात उभा होता. आणि तू, जो आठ महिने कुणाशी धड बोलला नाहीस, तू त्याच्याशी भांडायला लागलास. “पर ऑन्खेलुक, विम!” चुकून झालं. तिने मुद्दाम केलं नाही. तिच्या हाताची सवय आहे. तिच्या घरी असंच करतात, तिला कसं कळणार, तिच्या मनात मारायचं नव्हतं. तुझ्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि तू थांबत नव्हतास. माझ्यासाठी इतकं कुणी भांडल्याचं मला आठवत नाही. विम सगळं ऐकून घेऊन म्हणाला, “मला माहीत आहे तिने मुद्दाम केलं नाही. पण मासा मेला ना, ओमकार.”

तो काही वाईट बोलला नाही. दोन्ही खरंच होतं.

मासा मीच पाण्यात सोडला. तो कुशीवर पडून निघाला, पांढरं पोट वर, आणि प्रवाह त्याला वळणापर्यंत घेऊन गेला. तू शेवटपर्यंत बघत होतास. मी माशाकडे बघत नव्हते, मी तुझ्याकडे बघत होते. तू आत्ता माझ्यासाठी जे बोललास त्यातला एक शब्दही तू आठ महिन्यांत स्वतःसाठी बोलला नव्हतास. आणि मीही तुझ्यासाठी बोलले नव्हते. योगिनीला बोलले, शेजाऱ्यांना बोलले, वरसोलीला फोनवर बोलले. तुला नाही.

काल रात्री मी दोनदा लिहायला बसले. पहिल्यांदा लिहिलं, ‘तुझ्याकडून लागलं नाही, मनातून काढून टाक.’ फाडलं. तू खोटं ओळखशील, आणि मग माझ्या कुठल्याच शब्दावर तुझा विश्वास राहणार नाही. दुसऱ्यांदा लिहिलं, ‘मी तुला माफ केलं.’ तेही फाडलं. माफ करायला तू माझा गुन्हा कुठे केलास? आणि केला असलास, तर माफी अजून माझ्या मनात आलेली नाही. येईल की नाही तेही माहीत नाही. काही सकाळी मला तुझा इतका राग येतो की तुझं जॅकेट बघवत नाही.

तेव्हा खरं लिहिते. हो. मला वाटतं, तुझ्याकडूनच. त्या आठवड्यात तो दुसऱ्या कुणालाही भेटला नव्हता. मी बाजारातल्या कामावर जात होते, पण मला आणि जुईला ते नंतर त्याच्याकडून लागलं. डॉक्टर सिद्ध करणार नाहीत, पण मला माहीत आहे आणि तुलाही माहीत आहे. तुझ्या मनात काही वाईट नव्हतं. तू त्याला सांगितलं होतंस आणि त्याने हसून बोलावलं होतं. तुझा जीव होता त्याच्यावर. आणि तरी तो त्यात गेला. माझ्या हातात काल तो मासा मेला नसता तर या दोन गोष्टी एका माणसात कशा बसतात ते मला कळलं नसतं. मी कळल्याचं नाटक केलं असतं आणि तू त्या नाटकावर जगत राहिला असतास.

मला माझा नवरा परत मिळणार नाही आणि तुला तुझा मित्र मिळणार नाही. पण त्याचे सहा वर्षांचे रविवार फक्त तुझ्याजवळ आहेत आणि बाकीचे वार फक्त माझ्याजवळ. तू भारतात निघून गेलास तर तो अर्धाच उरेल माझ्याकडे. जुईकडे तर त्याहून कमी.

विमने आपल्याला यंदापुरतं बाद केलं आहे. म्हणजे पुढच्या रविवारी स्पर्धा नाही, फळी नाही, फोटो नाहीत. आपल्याला कुणी बघणार नाही. मी तुझ्यावर चिडेन, कदाचित रडेन, आणि तुला ते ऐकून घ्यावं लागेल. तुलाही काही बोलायचं असेल तर बोल, मी ऐकेन.

तुझ्या मनात शंका राहायला नको म्हणून उत्तर पुन्हा एकदा लिहिते. हो, तुझ्याकडूनच.

रविवारी ये.

सुनेत्रा